कठड्यावरची खपली आणि कागदाचा सूक्ष्मदर्शक: फोल्डस्कोप तेरा महिने वापरल्यानंतर

मी एकतीस वर्षे मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवले. त्या एकतीस वर्षांत माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी सूक्ष्मदर्शकातून वर्षाकाठी एकदाच, प्रत्येकी जेमतेम अर्धा मिनिट, कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी पाहिल्या. सूक्ष्मदर्शक महाग होता, एकच होता आणि तो बिघडला तर दुसरा मिळणार नाही ही धास्ती आम्हा सगळ्यांनाच होती, म्हणून तो पेटीत आणि पेटी कुलुपात असे. निवृत्त झाल्यावरही ही रुखरुख गेली नाही. गेल्या वर्षी मे महिन्यात मी फोल्डस्कोप हा घड्या घालून तयार करायचा कागदी सूक्ष्मदर्शक घेतला, तो त्या रुखरुखीपोटी. हे परीक्षण मी मुद्दाम उशिरा लिहिते आहे. पहिल्या आठवड्यात लिहिले असते तर ते नुसते कौतुक झाले असते, आणि या उपकरणाने पुढच्या काही महिन्यांत माझ्या डोक्यात जी उलथापालथ केली तिचा त्यात उल्लेखही आला नसता.

आधी वस्तूविषयी. मेरठमध्ये जन्मलेले आणि आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले मनू प्रकाश यांनी जिम सिबुल्स्की यांच्यासह अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात हा सूक्ष्मदर्शक तयार केला आणि २०१४ मध्ये त्याविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्या निबंधातल्या नमुन्याचे वजन अवघे ८.८ ग्रॅम होते, आणि तो तीन मजली इमारतीवरून खाली टाकला किंवा पायाखाली आला तरी टिकतो, असे त्यात नोंदवले आहे. विक्रीला असलेल्या ज्या संचाविषयी मी लिहिते आहे, त्यातले भिंग वस्तू १४० पट मोठी दाखवते आणि दोन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पाचशेवा भाग, इतक्या अंतरावरचे दोन ठिपके वेगळे दाखवू शकते. हे भिंग म्हणजे साबुदाण्याच्या बारीक दाण्याएवढा काचेचा एकच गोळा आहे. नळी नाही, आरसा नाही, वीज नाही. सतराव्या शतकात हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या अँटनी व्हॅन लेव्हेनहूक या कापडाच्या व्यापाऱ्याने असेच एक भिंग पितळी पट्टीत बसवून पाण्यातले सूक्ष्म जीव पाहिले होते. त्याच्या उरलेल्या सूक्ष्मदर्शकांपैकी सर्वांत चांगला सुमारे २७० पट मोठे दाखवतो, म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वीचे ते उपकरण या बाबतीत माझ्या हातातल्या कागदापेक्षा सरसच होते. हे मी फोल्डस्कोपला कमी लेखण्यासाठी सांगत नाही. लेव्हेनहूकने त्याची भिंगे कशी घडवली हे कोणाला फारसे सांगितले नाही, आणि इथे मात्र सहावीतली मुलगी स्वतः भिंग बसवते, हा फरक मला फार मोठा वाटतो.

जोडणी अवघड नाही, पण घाईची नाही. पाणी न शोषणाऱ्या जाड कागदावर सगळे भाग छिद्रांच्या रेषेने आखलेले असतात. ते सोडवायचे, रंगांच्या खुणा जुळवून घड्या घालायच्या, भिंगाचा भाग खाचेत सरकवायचा. मला चष्मा लावून चाळीस मिनिटे लागली. शेजारच्या सहावीतल्या मुलीने दुसऱ्या दिवशी तो संपूर्ण उलगडून पंधरा मिनिटांत पुन्हा जोडला. खरेदी करणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. मी ज्या ऑनलाइन विक्रेत्याकडून तो मागवला त्याने पाठवलेल्या पाकिटात मोबाईलला जोडण्यासाठीचे लोहचुंबक नव्हते, आणि तीन तक्रारी केल्यावर ते अठरा दिवसांनी आले. हा दोष विक्रेत्याचा आहे, बनवणाऱ्यांचा नव्हे, तरी पाकीट उघडताच यादी ताडून पाहावी. संचांनुसार किंमत बदलते. माझे मत विचाराल तर कागदी पट्ट्यांवर न थांबता काचपट्ट्या आणि कव्हर स्लिप, म्हणजे थेंबावर ठेवायच्या पातळ काचा, वेगळ्या विकत घ्याव्यात, कारण पाण्याचा थेंब पाहायचा तर काचेला पर्याय नाही. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या प्रयोगशाळा-साहित्याच्या दुकानांत त्या सहज मिळतात.

वापरताना फोल्डस्कोपची पट्टी डोळ्याला जवळजवळ टेकवून उजेडाकडे धरावी लागते आणि दोन अंगठ्यांनी कागद किंचित सरकवून प्रतिमा स्पष्ट करावी लागते. उजेड म्हणजे आभाळ किंवा दिवा. सूर्याकडे कधीही, क्षणभरही धरू नये, आणि मुलांच्या हाती देताना हे आधी बजावावे.

आता मुख्य भाग. आमची चाळ गिरगावात आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीच्या कठड्यावर, जिथे पावसाळ्यात पागोळ्या पडतात, तिथे दरवर्षी हिरवेगार शेवाळ धरते. आम्ही त्याला शेवाळ म्हणत असलो तरी ते मॉस आहे, म्हणजे शाळेच्या पुस्तकात ज्यांना वनस्पतींमधले उभयचर म्हणतात त्या गटातले. ऑक्टोबरच्या उन्हात ते करपते आणि मे महिन्यापर्यंत त्याची काळपट, कुरकुरीत खपली होते. मी त्या कठड्याला कोपरे टेकून पंचवीस वर्षे सकाळचा चहा घेत आले आहे. खपलीविषयी माझे मत एवढेच होते की रंगकामाच्या वेळी ती खरवडून काढायला हवी.

उकळून गार केलेले पाणी वाटीत घेऊन मी त्या खपलीचा चिमूटभर तुकडा त्यात टाकला आणि तासाभराने ड्रॉपरने तळाचा एक थेंब काचपट्टीवर घेतला. पहिली दहा मिनिटे केवळ मातीचे कण, करपलेल्या पानांचे तुकडे आणि एक लाल धागा दिसला, जो बहुधा माझ्याच साडीचा होता. मग ज्याला मी वाळूचा कण समजले होते तो एक कण लांब झाला. एक टोक पुढे आले, काचेला चिकटले, मागचे टोक ओढले गेले, पुन्हा पुढचे टोक निघाले. अगदी जळू चालते तसे. असे चार-पाच वेळा झाल्यावर तो जीव एका कणाला मागच्या टोकाने धरून थांबला, त्याचे डोके उमलल्यासारखे उघडले आणि त्यातून दोन चक्रे बाहेर आली. ती फिरत होती. आजूबाजूचे कण भोवऱ्यात सापडल्यासारखे त्या चक्रांकडे ओढले जात होते आणि आत, अर्धपारदर्शक शरीरात, जात्यासारखे काहीतरी एका लयीत दळत होते. मी किती वेळ पाहत होते ते मला सांगता येणार नाही. हात भरून आले तेव्हा भान आले.

हा रोटिफर. त्यातल्या ज्या गटाला डेलॉइड म्हणतात त्या गटाचे नावच जळूसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आलेले आहे. कठड्यावरच्या आठ महिने सुकलेल्या खपलीत हे जीव आकसून पडलेले असतात आणि पाणी मिळाले की मिनिटांत किंवा तासांत हालचाल करू लागतात. लेव्हेनहूकने १७०२ मध्ये हेच पाहिले. घराच्या पन्हळीत साचलेला कोरडा गाळ त्याने काचेच्या नळीत घेऊन त्यावर पाणी घातले आणि त्यात हे प्राणी पोहू लागलेले पाहून त्याने ते पत्रातून कळवले. त्याची पन्हळ डेल्फ्टची, माझा कठडा गिरगावचा. गाळ मात्र एकाच जातीचा.

ज्ञानाने जग स्पष्ट होते की अधिक गूढ होते, असे मला कोणी विचारले असते तर आयुष्यभर दिलेले उत्तर मी पुन्हा दिले असते: अज्ञान म्हणजे अंधार, ज्ञान म्हणजे उजेड. आमच्या शाळेच्या प्रार्थनेतही तेच होते. परंतु त्या कठड्याच्या बाबतीत माझ्या अज्ञानात अंधार कुठे होता? अंधार असता तर निदान आत काहीतरी असल्याची शंका तरी आली असती. माझ्यापुढे पंचवीस वर्षे एक स्वच्छ, भर उजेडातली, पूर्णपणे समजलेली वस्तू होती आणि तिचे नाव होते घाण. गूढ तिथे नव्हतेच. ते पहिला थेंब पाहिल्यावर सुरू झाले, आणि मी जितके वाचत गेले तितके ते वाढत गेले. म्हणून हे उपकरण गोष्टी स्पष्ट करते, असे मी लिहिणार नाही. ते स्पष्ट दाखवते आणि त्या स्पष्टपणातूनच कोडी हाती देते. ज्यांना केवळ उत्तरे हवी आहेत त्यांनी हे खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावे.

चक्रांचेच पाहा. ती फिरत नाहीत. डोक्याच्या कडेवर पक्ष्माभिका, म्हणजे अतिशय बारीक केसांसारखे अवयव, ओळीने असतात. त्यातला प्रत्येक केस जागच्या जागी लवतो, शेजारचा त्याच्या किंचित मागून लवतो, आणि वाऱ्याने शेतातल्या भातावरून लाट जावी तशी लाट कडेने गोल फिरते. आपल्या डोळ्याला ती लाट चाकाचे दाते वाटते. एवढे समजले तेव्हा मला समाधान वाटले, कारण कोणत्याही प्राण्याच्या शरीरात अक्षावर गरगर फिरणारे चाक कसे असेल, रक्तवाहिन्या पिळवटणार नाहीत का, हा प्रश्न मला छळत होता आणि तो सुटला. परंतु पुन्हा पट्टी डोळ्याला लावली तर चाक फिरतच होते. लाट आहे हे पुरते ठाऊक असूनही मला चाकच दिसते, आजही दिसते. फोल्डस्कोप इथे मदत करू शकत नाही, कारण एकेका केसाची जाडी मायक्रॉनच्या सुमारे पाव भाग असते आणि हे भिंग दोन मायक्रॉनपाशी थांबते.

त्या केसाच्या आत काय आहे हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकामुळे कळले. कडेने नऊ जोड्या आणि मध्ये दोन सुट्या नलिका, अशी ती रचना आहे. ती स्पष्टपणे दाखवणाऱ्या सुरुवातीच्या अभ्यासांपैकी एक १९५२ मध्ये आयरीन मँटन आणि क्लार्क यांनी केला, तो स्फॅग्नम या मॉसच्या पोहणाऱ्या शुक्रपेशीच्या शेपट्यांवर. म्हणजे माझ्या कठड्यावरचे मॉस ज्या गटातले, त्याच गटातल्या वनस्पतीच्या शुक्रपेशीला तीच रचना, तिच्या ओलाव्यात राहणाऱ्या रोटिफरच्या डोक्यावर तीच, आणि माझ्या श्वासनलिकेच्या अस्तरातही तीच. गेली काही वर्षे आमच्या आसपास चहूकडे जुन्या चाळी पाडून टॉवर उभे राहत आहेत, सिमेंटची धूळ दिवसभर घरात येते आणि सकाळी घसा खाकरल्याशिवाय बोलता येत नाही. ती धूळ चिकट द्रवात पकडून वर ढकलणारे केस, दर सेकंदाला दहाबारा वेळा लवत, माझ्याही छातीत अशीच लाट पाठवत असतात. हे वाचले त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. मॉस, रोटिफर आणि मी यांच्यात एक समान पूर्वज मानला की हे साम्य समजते, आणि तसे समजले की तो पूर्वज किती जुना आणि किती तयारीचा असला पाहिजे हा विचार आधीच्या प्रश्नापेक्षा मोठा होऊन बसतो.

शेजारच्या मुलीचा प्रश्न याहून सरळ होता. वाळलेली खपली भिजवून तिने पहिल्यांदा रोटिफर लांब होताना पाहिला आणि मान वर न करता विचारले, “बाई, मग हा इतके दिवस मेलेला होता का?”

“नाही गं,” मी म्हणाले, “मेलेला असता तर पुन्हा हलला असता का?”

“पण जिवंत होता तर काय करत होता?”

मी काहीच बोलले नाही. जिवंत असण्याची लक्षणे मी तीस वर्षे फळ्यावर लिहून दिली होती: श्वसन, पोषण, उत्सर्जन, हालचाल. सुकलेल्या रोटिफरमध्ये यांतले काहीही मोजता येईल इतके चालू नसते. नंतर वाचताना समजले की हा प्रश्न पॅरिसमध्ये इतका पेटला होता की तिथल्या जीवशास्त्र मंडळाने त्यासाठी समिती नेमली आणि फ्रेंच वैद्य पॉल ब्रोका यांनी १८६० मध्ये तिचा विस्तृत अहवाल दिला. १९५९ मध्ये जीवशास्त्रज्ञ डेव्हिड केलिन यांनी या अवस्थेला ‘क्रिप्टोबायोसिस’, म्हणजे दडलेले जीवन, हे नाव दिले. २०२१ मध्ये रशियन संशोधकांनी सैबेरियाच्या गोठलेल्या जमिनीतून सुमारे २४,००० वर्षांपूर्वीचा डेलॉइड रोटिफर पुन्हा हालता केला आणि तो पुढे प्रजननही करू लागला. मुलीला मी हे सगळे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली की तिच्या प्रश्नाचे उत्तर यात नाही. तिचे बरोबर होते. नाव मिळाले, वर्षे मिळाली, तरी चोवीस हजार वर्षे तो काय करत होता हे मिळाले नाही.

कोरडेपणात हे जीव टिकतात कसे, यालाही मी समजत होते तसे एकच उत्तर नाही. सुकूनही टिकणाऱ्या काही सूत्रकृमींमध्ये आणि आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या छोट्या जीवाच्या अंड्यांमध्ये ट्रेहॅलोज नावाची शर्करा साठते आणि पाण्याच्या जागी तीच पेशींना आधार देते, असे मी वाचले आणि प्रश्न मिटला असे समजून पुस्तक मिटले. पुढे कळले की डेलॉइड रोटिफरमध्ये ही शर्करा शोधली गेली आणि ती सापडलीच नाही. वाळताना त्यांच्या डीएनएचे तुकडे होतात आणि पाणी मिळाल्यावर ते हे तुकडे पुन्हा सांधतात. अडिनेटा व्हेगा या जातीची जनुके २०१३ मध्ये वाचली गेली तेव्हा त्यातली सुमारे आठ टक्के जनुके जिवाणू, बुरशी, वनस्पती अशा परक्या जीवांकडून आलेली दिसली. याशिवाय डेलॉइडच्या चारशेहून अधिक जाती ठाऊक असूनही त्यांच्यात नर आजपर्यंत कोणाला सापडलेला नाही. कोट्यवधी वर्षे बहुधा माद्याच माद्यांना जन्म देत आल्या आहेत आणि जीवशास्त्राच्या हिशेबाने नराविना जी कुळे केव्हाच संपायला हवी होती ती आमच्या कठड्यावर सुखाने नांदत आहेत.

या पार्श्वभूमीवर उपकरणाच्या मर्यादा सांगणे सोपे जाते. दोन मायक्रॉनची मर्यादा असल्याने जिवाणू पाहण्याची आशा ठेवू नये, ते फार तर थरथरणारे ठिपके दिसतील. प्रतिमेच्या कडा वाकड्या दिसतात, कारण भिंग गोळा आहे. तसेच एका वेळी एकच माणूस पाहू शकतो. मोबाईलला जोडल्यावर चारचौघांना दाखवता येते, पण पडद्यावरचे चित्र पाहणे आणि पट्टी डोळ्याला लावून पाहणे यात मला मोठा फरक जाणवला. पडद्यावर तो व्हिडिओ असतो. पट्टीतून पाहताना जीव माझ्या पापणीपासून बोटभर अंतरावर असतो. टार्डिग्रेड हा सूक्ष्म प्राणी, ज्यासाठी पुष्कळ लोक मॉस गोळा करतात, मला तेरा महिन्यांत दोनदाच दिसला. आठ आखूड पायांनी तो काचेवर धडपडत होता. डासांच्या अळ्या, फुलांचे परागकण, पावडरचे कण, मीठ, फुलपाखराच्या पंखांवरचे खवले हे सर्व उत्तम दिसते आणि मुलांना तेच आधी दाखवावे, कारण थेंबातला पळणारा जीव पकडून स्पष्ट करणे नवख्या हातांना जमत नाही आणि त्यामुळे हिरमोड होतो.

शाळांनी एकच महागडा सूक्ष्मदर्शक कपाटात ठेवण्यापेक्षा त्याच्या जोडीला असे वीस घेऊन मुलांच्या दप्तरात घरी जाऊ द्यावेत, असे माझे ठाम मत झाले आहे. माझ्या हातून गेलेल्या मुलांना मी कांद्याच्या पेशीचे उत्तर दाखवले, आकृती काढून घेतली, नावे दिली आणि गुण दिले. त्यांच्यापैकी एकालाही मी असा थेंब दिला नाही ज्याचे उत्तर मला ठाऊक नव्हते. त्याची खंत मला हा कागद हाती आल्यापासून फार वाटते.

या मे महिन्यात चाळीच्या रंगकामाचा ठराव झाला. कठडे तारेच्या ब्रशने घासून त्यावर बुरशीनाशक लावायचे होते. शेजारच्या मुलीने समितीला स्वतःच्या अक्षरात अर्ज लिहिला की बाईंच्या दाराजवळचा पागोळीखालचा वीतभर भाग तसाच ठेवावा, आणि खाली कारण लिहिले, “इथे प्राणी झोपलेले आहेत.” समितीच्या काकांनी तो दोनदा वाचला आणि रंगाऱ्याला तेवढी जागा खडूने आखून दिली. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, शाळेचा गणवेश घालूनच, ती ड्रॉपर घेऊन माझ्या दारात उभी राहिली. खपली रात्रभरात हिरवट झाली होती. एका थेंबात तिने सात रोटिफर मोजले. मग पट्टी मला देऊन म्हणाली की आठवा अजून वाळूचा कण आहे की काय ते तिला ठरवता येत नाही, तर मी तिची शाळा सुटेपर्यंत त्याच्यावर लक्ष ठेवावे.